नोकरीवरून काढलं तर कोर्ट काय देतं?

पुण्याच्या भारत फोर्जमध्ये ऑगस्ट १९८३ मध्ये एक कामगार भर दिवसा, कामाच्या वेळी, लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली आणि कंपनीने त्याला बडतर्फ केलं. कलर-केम नावाच्या दुसऱ्या कंपनीत रात्रपाळीला, यंत्र चालू असताना काही जण झोपलेले सापडले. त्यांच्यापैकी काहींनाही बडतर्फ केलं. दोन्ही प्रकरणं महाराष्ट्रातली, दोन्ही एकाच कायद्याखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याखाली, लढली गेली आणि दोन्ही दिल्लीपर्यंत गेली. कलर-केमच्या निकालात १९९८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एवढ्यासाठी नोकरी घेणं ही धक्का बसावा इतकी जबर शिक्षा आहे आणि अशी शिक्षा देणं ही अनुचित श्रम प्रथा, म्हणजे कायद्याने मना केलेली वागणूक आहे. भारत फोर्जच्या निकालात २००५ साली त्याच न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. तिथल्या कामगाराला याआधी अशाच गोष्टीसाठी तीनदा शिक्षा झालेली होती, हे त्याच्या अंगावर आलं.

१९८३ ते २००५ म्हणजे बावीस वर्षं. त्या झोपेचा निकाल लागेपर्यंत एका माणसाचं नोकरीचं वय सरत आलं असेल.

कामावरून काढलेला माणूस वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: माझ्यावर अन्याय झाला की नाही? कोर्टात हा प्रश्न येतो, पण शेवटी. आधी विचारलं जातं की तुम्ही कायद्याच्या लेखी कोण. मग, योग्य ठिकाणी आलात का आणि मुदतीत आलात का. मग, तुम्हाला काढलं कसं. आणि निकालात तुमच्या हातात काय पडणार, नोकरी, पैसे की नुसता नोटीस पगार, हे बरंचसं पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरून गेलेलं असतं. अन्याय तोच, पण यंत्रावरच्या कामगाराला पुन्हा नोकरी मिळू शकते आणि त्याच्या शेजारच्या काचेच्या केबिनमधल्या मॅनेजरला नाही.

तुम्ही कोण?

आपला कामगार कायदा 'कामगार' या माणसालाच खरं संरक्षण देतो. हाताने करायचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे त्यातून वगळलेले आहेत, मग त्यांचा पगार कितीही कमी असो. देखरेख करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती महिना १० हजार रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८ हजार आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटतं की १८ हजारांच्या वर पगार गेला की आपण कामगार राहिलो नाही. तसं नाही. ही मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागते. दिवसभर स्वतः कोड लिहिणारी, कोणाची रजा मंजूर न करणारी, कोणावर कारवाई करायचा अधिकार नसलेली हिंजवडीतली इंजिनिअर लाखभर रुपये कमावत असली तरी 'तांत्रिक काम करणारी कामगार' असल्याचा दावा करू शकते. कोर्ट व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा बघत नाही, माणूस प्रत्यक्ष काय करतो ते बघतं. म्हणूनच अशा खटल्यांत कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो: हा कामगारच नव्हे, हा मॅनेजर. मग साक्षीपुराव्यात दोन-चार वर्षं याच्यावरच जातात. रजेचे अर्ज कोण मंजूर करायचं, कामगिरीचे गुण कोण द्यायचं, नवीन माणूस घ्यायचा निर्णय कोणाचा, हे दाखवणारे जुने ईमेल तेव्हा सोन्याच्या भावाचे होतात. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि श्रमिक पत्रकार यांना कायद्याने स्पष्टपणे आत घेतलेलं आहे, त्यांनी ही लढाई लढायची गरज नाही.

शिक्षकांची गोष्ट वेगळी. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा खटला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. शाळा हा 'उद्योग' आहे हे दहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं, पण शिकवणं हे कारकुनी, तांत्रिक वा अंगमेहनतीचं काम नाही, म्हणून शिक्षक हा 'कामगार' नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे शाळेचा शिपाई कामगार आणि शिकवणाऱ्या बाई कामगार नाहीत. महाराष्ट्रात ही पोकळी आधीच भरलेली होती. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणं आहेत. तिथे अपील करता येतं.

सरकारी नोकराला घटनेच्या अनुच्छेद ३११ चं कवच आहे. चौकशी न करता, बाजू मांडायची संधी न देता त्याला सहसा बडतर्फ करता येत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे 'मॅट'मध्ये जायचं.

उरला खाजगी कंपनीतला खरोखरचा मॅनेजर. त्याच्यासाठी आहे दिवाणी न्यायालय आणि नियुक्तीपत्र. माणसाला माणसाकडे जबरदस्तीने नोकरीला ठेवता येत नाही, हे दिवाणी कायद्याचं जुनं तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्याचे तीन अपवाद सांगितले: अनुच्छेद ३११ मोडून काढलेला सरकारी नोकर, कामगार कायद्याखालचा कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने तोच कायदा मोडून काढलेला कर्मचारी. मॅनेजर यांत बसत नाही. त्याला मिळते फक्त नुकसानभरपाई, आणि ती मोजायची पद्धत १९५७ च्या निकालापासून चालत आली आहे: करारात जेवढ्या मुदतीची नोटीस, साधारण तेवढा पगार. नियुक्तीपत्रात तीन महिन्यांची नोटीस असेल तर तीन महिन्यांचा पगार, वीस वर्षं सेवा झालेली असली तरी. खोटा आळ घेऊन काढलं तरी बहुधा तेवढंच. मला हे न्याय्य वाटत नाही, पण आज कायदा असा आहे. म्हणून वरच्या हुद्द्यावरच्या माणसाने भांडायचं ते नोकरी लागताना, नोटीस किती महिन्यांची यावर. नोकरी गेल्यावर त्या कलमात काही वाढवता येत नाही.

घड्याळ

मुदती लक्षात ठेवा, कारण चांगले खटले मुदतीवर मरतात. शाळा न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित श्रम प्रथेची तक्रार, जिला कामगार वर्तुळात 'यूएलपी' म्हणतात, ९० दिवसांत. मॅटमध्ये एक वर्ष. दिवाणी दावा तीन वर्षांत. शाळेच्या अपिलात आणि यूएलपीत उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि 'साहेब म्हणाले होते परत घेतो' हे कारण दरवेळी चालत नाही. कंपनीतले लोक नेमके हेच सांगत राहतात, पुढच्या महिन्यात बघू, आणि ९० दिवस निघून जातात.

केंद्रीय कायद्याखालचा रस्ता जरा लांबचा. आधी कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. त्याने दोन्ही बाजूंना बोलावून तोडगा काढायचा. ४५ दिवसांत काही झालं नाही तर कामगार थेट न्यायालयात जाऊ शकतो. पूर्वी यासाठी काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात ती दोन वर्षांवर आली. या संहितेने कामगार संघटनांचा १९२६ चा, स्थायी आदेशांचा (म्हणजे कंपनीतल्या कामाच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा) १९४६ चा आणि औद्योगिक विवादांचा १९४७ चा असे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या तिघांत नाही. नव्या रचनेत कामगार न्यायालय ही वेगळी पायरी नाही, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय अशा दोन सदस्यांचं औद्योगिक न्यायाधिकरण आहे. पुढे मी सवयीने 'कामगार न्यायालय'च म्हणेन. खाली सांगितलेले निकाल जुन्या कायद्यांखालचे आहेत, पण ज्या तरतुदींवर ते दिले गेले त्या बहुतेक शब्दशः संहितेत उतरलेल्या आहेत.

महाराष्ट्रातला कामगार यूएलपीचा रस्ता का पसंत करतो? एक तर समेटाच्या फेऱ्या चुकतात. दुसरं, तक्रार दाखल केल्याबरोबर अंतरिम आदेश मागता येतो. काढायच्या तयारीत असलेल्या कंपनीला निकाल लागेपर्यंत थांबायला सांगता येतं. आणि कशाला अन्याय म्हणायचं हे तिथे कायद्यानेच लिहून ठेवलं आहे: सूडबुद्धीने काढणं, अधिकाराचा दिखावा करून वाईट हेतूने काढणं, खोट्या फौजदारी केसमध्ये अडकवून काढणं, धडधडीत खोटी कारणं देणं, विनापरवानगी गैरहजेरीचा बनावट आळ घेणं, चौकशीत नैसर्गिक न्याय (म्हणजे माणसाला आपली बाजू मांडू देणं) धाब्यावर बसवणं किंवा अवाजवी घाई करणं, आणि शेवटचं ते किरकोळ चुकीला जबर शिक्षा. आपलं प्रकरण यातल्या कोणत्या खणात बसतं ते तक्रारीत सांगावं लागतं. वाटेत एक अडचण आहे. मालक-नोकर हे नातंच कंपनीने नाकारलं, म्हणजे 'हा आमचा नाही, ठेकेदाराचा' असं म्हटलं, की या रस्त्यावर गाडी अडते. ठेकेदारीतल्या कामगाराला मग आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करून यावं लागतं.

कसं काढलं?

काढण्याचे ढोबळ दोन प्रकार. एक, तुमची चूक दाखवून. दुसरा, चूक नाही पण तुमची गरज नाही म्हणून. दोन्हींचे नियम वेगळे, आणि कंपन्या मुद्दाम दोन्हींची सरमिसळ करतात. पत्रात लिहायचं 'व्यवसायाची गरज' आणि मनात असायचा युनियनचा राग.

चूक दाखवून काढायचं तर आरोपपत्र हवं, उत्तराला वेळ हवा, तटस्थ चौकशी अधिकारी हवा, कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची संधी हवी, आपले साक्षीदार आणायची मुभा हवी. याला बोलीत डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणतात. चौकशी चालू असताना निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि त्यानंतर, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. तो न देता चौकशी रेटली तर तीच चौकशी पुढे अडचणीत येते, कारण उपाशी माणसाने चौकशीला यावं कसं, हे कोर्ट विचारतं.

'तो स्वतःच यायचा बंद झाला' हा कंपन्यांचा आवडता युक्तिवाद आहे. गेटवर वॉचमन अडवतो, आत सोडत नाही, आणि दहा दिवसांनी पत्र येतं की आपण विनापरवानगी गैरहजर असल्याने आपलं नाव पटावरून काढलं आहे. जे.एम.ए. इंडस्ट्रीजच्या १९९३ च्या खटल्यात नेमकं हेच होतं. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते असा कंपनीच्या स्थायी आदेशात नियम होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नोकरी हे जगण्याचं साधन आहे, चौकशी न करता असं आपोआप काही संपत नाही. कामगाराला परत घ्यायला लावलं आणि निम्मा मागील पगार दिला. तेव्हा गेटवर अडवलं तर त्याच दिवशी पोस्टाने, ईमेलने, जमेल त्या मार्गाने 'मी कामावर हजर व्हायला आलो होतो, मला आत घेतलं नाही' हे कळवून ठेवा. असं दोन ओळींचं पत्र नंतरच्या दहा साक्षीदारांपेक्षा जास्त काम करतं.

चौकशी सदोष निघाली म्हणजे खटला जिंकला असं मात्र समजू नका. मुंबईच्या फायरस्टोन टायर कंपनीच्या १९७३ च्या निकालापासून हे पक्कं आहे की चौकशी सदोष असली किंवा झालीच नसली, तरी कंपनी थेट कोर्टासमोर पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करू शकते. वकील चौकशी 'पाडतात', कामगार पेढे वाटतो, आणि मग कंपनी सगळं नव्याने सिद्ध करायला उभी राहते.

गरज नाही म्हणून काढणं याला कायद्यात कामगार कपात म्हणतात. ज्याने आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ढोबळ हिशोब असा: महिना ३० हजार पगार आणि आठ वर्षं सेवा असेल तर भरपाई सुमारे १ लाख २० हजार, वर नोटीसचे ३० हजार. ही रक्कम काढतानाच द्यायची असते, 'फुल अँड फायनल'ची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची, फाईल फिरत फिरत चार महिन्यांनी नाही. ती वेळेवर दिली नाही तर कपातच बेकायदा ठरते. त्या खात्यात शेवटी आलेल्याला आधी काढायचं हाही नियम आहे, आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. मोठ्या कारखान्याला सरकारची आगाऊ परवानगी लागते. पूर्वी 'मोठा' म्हणजे शंभर कामगारांचा, संहितेत तो आकडा तीनशे झाला. त्याच्या बदल्यात संहितेने एक नवी गोष्ट आणली: कपात झालेल्या प्रत्येकामागे मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचा.

२४० दिवसांच्या या अटीमुळेच महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत 'ब्रेक' नावाची पद्धत रुजली. सात महिने काम, मग ब्रेक, मग नवं पत्र. वर्षानुवर्षं लोक टेम्पररी राहतात. पर्मनंट होण्याचे फायदे मिळू नयेत म्हणून असं ठेवणं ही स्वतःच एक अनुचित श्रम प्रथा आहे, पण ती सिद्ध करायला हजेरीचे पुरावे लागतात आणि ते कंपनीच्या कपाटात असतात. पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक इथे उपयोगी पडतं. मुदतीच्या करारावर घेतलं असेल आणि मुदत संपली, करार पुढे वाढवला नाही, तर ती कपात धरली जात नाही, हेही माहीत असू द्या.

राजीनाम्याबद्दल एक. आयटीत आणि बँकांत आता काढत नाहीत, राजीनामा घेतात. एचआर एका खोलीत बसवतं, लॅपटॉप समोर, 'आत्ता राजीनामा टाक, नाहीतर टर्मिनेट करू, मग पुढे कुठे नोकरी मिळणार नाही.' दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसून काढणंच आहे, असं कोर्ट म्हणू शकतं. पण दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. राजीनाम्यानंतर तीन महिने गप्प राहून, एक्झिट इंटरव्ह्यूत कंपनीचे आभार मानून, मग दबाव होता म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून सगळा प्रसंग वेळेसकट लिहून कंपनीला पाठवला तर गोष्ट वेगळी.

काय मिळतं?

समजा तुम्ही कामगार आहात, मुदतीत आलात, आणि काढणं बेकायदा ठरलं. आता कोर्ट तीन गोष्टींचा विचार करतं: परत नोकरी, मधल्या काळाची सेवा अखंड धरायची का, आणि मधल्या काळाचा पगार द्यायचा का, किती. याला वकिली भाषेत पुनर्स्थापना, सेवासातत्य आणि बॅकवेजेस म्हणतात. तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. तिन्ही मिळू शकतात, एखादीच मिळू शकते. सेवासातत्य लोकांना किरकोळ वाटतं, पण ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि ज्येष्ठता त्यावर अवलंबून असते. तक्रार अर्जात ते मागायचं राहून गेलेली माणसं निवृत्तीच्या वेळी कपाळाला हात लावतात.

१९७१ पर्यंत गैरवर्तन सिद्ध झालं की शिक्षा किती द्यायची हा मालकाचा अधिकार समजला जायचा. त्या वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आलं आणि कोर्टाला शिक्षा कमी करायचा अधिकार मिळाला. नोकरी परत द्या पण दोन वेतनवाढी रोखा, नोकरी द्या पण मधला पगार नाही, असे निकाल त्यातून येतात. यालाही मर्यादा आहेत. महिंद्र अँड महिंद्रच्या २००५ च्या खटल्यात वरिष्ठाला अश्लील शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने जास्त मानली नाही. कोर्टाच्या मनाला दया आली म्हणून शिक्षा कमी करता येत नाही, असा त्या काळातल्या अनेक निकालांचा सूर आहे. चोरी आणि अफरातफर यांत तर रक्कम किती छोटी हे फारसं बघितलं जात नाही. कंडक्टरने थोड्या रुपयांची तिकिटं दिली नाहीत तरी एसटीच्या बडतर्फ्या टिकतात.

मागील पगाराची कहाणी जास्त रंगतदार आहे, कारण त्यात न्यायालयाने दोनदा कूस बदलली. हिंदुस्थान टिन वर्क्सच्या १९७८ च्या निकालात सांगितलं गेलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागील पगार हाच नियम, कमी द्यायचा असेल तर कारण मालकाने दाखवावं. त्या खटल्यात कंपनीची तंगी बघून ७५ टक्के दिले, पण नियम पूर्ण पगाराचा. पुढे २००५ च्या आसपास वारं फिरलं. न केलेल्या कामाचा पगार का द्यायचा, उदारीकरणानंतरच्या काळात आपोआप पूर्ण पगार देता येणार नाही, असे निकाल येऊ लागले. खालची कोर्टं २५ टक्के, ५० टक्के असा अंदाजपंचे आकडा टाकू लागली.

हे थांबवलं महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने. औरंगाबादमधल्या एका खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला २००७ मध्ये काढलं होतं. शाळा न्यायाधिकरणाने पूर्ण पगारासह परत घ्यायला सांगितलं, मुंबई उच्च न्यायालयाने मागील पगार काढून टाकला, आणि १२ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. त्या निकालात न्यायालयाने काढलेल्या माणसाच्या घरी काय होतं ते लिहिलं आहे: उत्पन्न आटतं, मुलांचं शिक्षण आणि खाणंपिणं तुटतं, नातेवाइकांकडे हात पसरावे लागतात. आणि मालक मात्र त्याच काळात त्याचा पगार वाचवून बसलेला असतो. मग त्याच्या चुकीचं बक्षीस त्यालाच का द्यायचं? आज बॅकवेजेसचा कुठलाही युक्तिवाद याच निकालापासून सुरू होतो.

त्याची व्यवहारातली बाजू अशी. कामगाराने शपथेवर सांगायचं की मधल्या काळात मला दुसरीकडे फायद्याची नोकरी नव्हती. तेवढं सांगितलं की ओझं मालकावर जातं, त्याने नोकरी होती हे सिद्ध करायचं. पण हे सांगायचंच राहिलं तर हातचा पगार जातो. आणि खोटं सांगू नका. पीएफचे आकडे, बँकेची स्टेटमेंट मागवता येतात. पोटासाठी रिक्षा चालवली, मोलमजुरी केली, तर ते मोकळेपणाने सांगावं. पोट जाळण्यापुरती केलेली कामं आणि तोलामोलाची नोकरी यांत कोर्टं फरक करतात.

आकड्यांत बघा. महिना २० हजार पगार आणि खटला सहा वर्षं चालला, तर पूर्ण मागील पगार १४ लाख ४० हजार, निम्मा ७ लाख २० हजार. कंपनी शेवटपर्यंत का लढते ते यावरून कळेल.

तिसरा पर्याय, नोकरीऐवजी एकरकमी भरपाई. ही लाट २००९ च्या सुमारास आली, हरियाणाच्या कृषी पणन मंडळाच्या खटल्यात रोजंदारीवरच्या कामगाराला नोकरीऐवजी ५० हजार रुपये दिले तेव्हापासून. बीएसएनएलच्या २०१३ च्या निकालात न्यायालयाने त्यामागचा विचार उघड सांगितला. रोजंदारीवरच्या माणसाला नियमित होण्याचा हक्क नाही, आज परत घ्यायला लावलं तरी उद्या नोटीस आणि भरपाई देऊन मालक त्याला कायदेशीरपणे काढू शकतो, मग त्या पुनर्स्थापनेचा उपयोग काय? त्या कामगाराला ३ लाख मिळाले. पण त्याच निकालात अपवादही आहे, आणि वकील तो सांगायला विसरतात. काढणं ही अनुचित श्रम प्रथा असेल, किंवा तुमच्यानंतर आलेल्यांना ठेवून तुम्हाला काढलं असेल, तर रोजंदारीवाल्यालाही नोकरी परत मिळायला हवी. माझं मत विचाराल तर एकरकमी रकमा फार स्वस्तातल्या आहेत. पंधरा वर्षांचा संसार तीन लाखांत मोजला की पुढच्या मालकाला काढणं परवडतं.

शाळांच्या कायद्यात हा आकडा लिहूनच ठेवला आहे. परत घ्यायचं नाही असं ठरलं तर दहा वर्षं किंवा जास्त सेवा असलेल्याला बारा महिन्यांचा पगार आणि त्याहून कमी सेवा असेल तर सहा महिन्यांचा.

खटला हरो वा जिंको, काही पैसे तुमचे ते तुमचेच. वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देय पगार द्यायचा असतो. पीएफ कंपनीला अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी बडतर्फ झालेल्यालाही मिळते. ती जप्त करायला कायद्यात ठरावीकच कारणं आहेत, जसं कंपनीचं मुद्दाम केलेलं नुकसान, दंगा, हिंसा किंवा नोकरी करताना केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा. 'तुम्हाला काढलं आहे, आता काही मिळणार नाही' हे कॅशियरचं वाक्य म्हणजे कायदा नव्हे.

निकालानंतर

निकाल तुमच्या बाजूने लागला की कंपनी उच्च न्यायालयात जाते. जवळजवळ नेहमीच. तिथे पुनर्स्थापनेला स्थगिती मिळाली तर तुम्ही पुन्हा घरी. यावर १९८४ पासून उपाय आहे. जुन्या कायद्यात तो कलम १७-ब मध्ये होता, संहितेतही ठेवला आहे. पुनर्स्थापनेचा निकाल असेल आणि मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला असेल, तर तिथला खटला चालू असेपर्यंत शेवटचा घेतलेला पूर्ण पगार मालकाने द्यायचा. अट एकच, तुम्ही दुसरीकडे नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र. हा अर्ज आपोआप होत नाही, आपल्या वकिलाने करावा लागतो. खटला पुढे हरलात तरी घेतलेला हा पगार सहसा परत मागितला जात नाही. कितीतरी तडजोडी या अर्जानंतरच होतात, कारण दर महिन्याला पगार जाऊ लागला की कंपनीला घाई होते.

वकिलाच्या फीचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला, तसंच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. युनियनचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो, आणि केंद्रीय कायद्याखालच्या खटल्यात तर दुसऱ्या बाजूच्या संमतीशिवाय वकील उभाच राहू शकत नाही. कामगार न्यायालयात वकिलापेक्षा तरबेज असे पांढऱ्या केसांचे युनियनवाले आजही दिसतात ते यामुळे.

आणि सगळं होऊनही कंपनीने पैसे दिले नाहीत तर? वसुलीचा अर्ज करायचा. रक्कम ठरलेली असेल तर त्याचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि शेतसारा थकला तर जशी वसुली होते तशीच ती होते, म्हणजे तहसीलदार नोटीस काढतो, जप्ती लावतो. रक्कम ठरलेली नसेल तर आधी कोर्टाकडून हिशोब करून घ्यावा लागतो, म्हणून निकालातच आकडा, तारखा आणि व्याज लिहून मागा.